साक्षीला आक्का

वकीलबाईंचा प्रश्न पुरता विचारून व्हायच्या आत सोपानने उत्तर देऊन टाकलं होतं. ते इतकं पटकन आलं की कुणीतरी मागून ढकलावं तसा तो खुर्चीत जरासा पुढे सरकला. वकीलबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "साक्षीदार दोन लागतील सर. चांगल्या ओळखीचे हवेत. आणि ज्यांना या इच्छापत्रातून काहीच मिळत नाही असे असलेले बरे, म्हणजे उद्या कुणी शंका काढायला नको. असं कोण आहे तुमच्या..." आणि सोपान म्हणाला, "आमची आक्का." मंचरला हमरस्त्याच्या अंगाला, मोबाइलच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर ते ऑफिस होतं. खाली कुणाच्या तरी नव्या फोनवर सगळ्या रिंगटोन एकेक करून वाजवून बघणं चाललं होतं. वैजयंती वकील मूळच्या पेठच्या, चाळिशीच्या, बोलताना पेन हातात आडवं धरणाऱ्या. त्यांचं पेन थांबलं. समोरच्या मसुद्याची पानं त्यांनी मागे उलटली, शेवटून दुसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवलं आणि विचारलं, "आक्का म्हणजे ह्याच ना? रत्नाबाई?" सोपान हो म्हणाला. त्या परिच्छेदात लिहिलं होतं की माझी विवाहित बहीण सौ. रत्नाबाई हिचे लग्न वडिलांनी यथोचित करून दिलेले असून तिने आपला हक्क यापूर्वीच सोडलेला आहे, सबब तिचा अगर तिच्या वारसांचा माझ्या कोणत्याही मिळकतीत कसलाही हक्क अगर हितसंबंध राहणार नाही. हा परिच्छेद काही सोपानने सांगितलेला नव्हता. तो बाईंच्या कॉम्प्युटरमध्ये तयारच होता, फक्त नाव भरायचं होतं, आणि नाव सोपानने सांगितलं होतं. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. हुशार विद्यार्थ्याकडे मास्तरांनी बघावं तसं बघून म्हणाल्या, "काय डोकं आहे हो सर तुमचं! जिचा हक्क नाही म्हणून लिहिलंय, तिचीच सही साक्षीला. कायद्याने साक्षीदाराला मजकूर माहीत असावा लागत नाही, पण उद्या तिच्या मुलांनी काही काढलंच, तर खाली आईची सही दिसते. कोर्टात दिसण्याला महत्त्व असतं. हे आम्हालासुद्धा सुचलं नसतं." सोपानला म्हणायचं होतं की मलाही सुचलेलं नाही. पण मग काय झालं होतं, हे सांगावं लागलं असतं. ज्याला माझ्याकडून काही मिळत नाही असं माणूस कोण, असं विचारल्यावर आतून एक कप्पा आपोआप उघडला होता आणि त्यात आक्का बसलेली होती. कधीपासून बसली होती कुणास ठाऊक. त्याची कानशिलं तापली. तो म्हणाला, "नाही, म्हणजे, घरचंच माणूस बरं." बाई म्हणाल्या, "अगदी."

वास्तविक या विषयात सोपान नवखा नव्हता. त्याची सगळी नोकरी विम्यात गेली होती. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या किती ओट्यांवर बसून, चहा अर्धा झाला की बशी खाली ठेवून, आवाज एक पट्टी उतरवून त्याने विचारलं असेल, "समजा, म्हणजे नुसतं समजा हं, उद्या तुम्ही नसलात, तर?" लोक हसायचे, बायका आत जायच्या, म्हातारे आभाळाकडे बघायचे, आणि सोपान त्यांना समजावून सांगायचा की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा, पुढे ते वारसांचे. मृत्युपत्र असेल तर त्याप्रमाणे, नसेल तर कायद्याप्रमाणे. मृत्युपत्र साध्या कागदावरसुद्धा चालतं, नोंदवलंच पाहिजे असं नाही, पण नोंदवलेलं बरं. आपण सही करताना दोघांनी बघायला हवं आणि त्या दोघांनी आपल्यासमोर सही करायला हवी. पुढे कितीदाही बदलता येतं, शेवटचं ते खरं. हे सगळं त्याला पाठ होतं. दुसऱ्याच्या मरणाबद्दल तो इतकं स्वच्छ बोलायचा की ओतूरला एकाने त्याला जेवायला ठेवून घेतलं होतं आणि जेवताना म्हटलं होतं, "साहेब, तुमी बोललात का मरायची भीतीच जाती बगा." निवृत्त झाल्यावर स्वतःचं करायचं म्हणून तो वकीलबाईंकडे गेला तेव्हा त्याच्या मनात जरा ऐटच होती. मंचरचा फ्लॅट, वडिलांकडून आलेली राजुरीची जमीन, ठेवी, सगळं त्याने मुलगा आदेश आणि मुलगी स्नेहल यांच्यात सारखं वाटलं होतं. मुलीलाही बरोबरीचा वाटा, हे सांगताना त्याने थोडं थांबून बाईंकडे बघितलं होतं, आणि बाईंनीही "वा सर, असे वडील किती असतात" असं म्हटलं होतं. ते वाक्य तो घरी येईपर्यंत तोंडात घोळवत आला होता. ही मागच्या खेपेची गोष्ट. या खेपेला जिना उतरताना त्याच्या लक्षात आलं की मुलीचा परिच्छेद आणि बहिणीचा परिच्छेद एकाच पानावर आहेत. एकाच माणसाने एका बैठकीत ते वाचून बरोबर म्हटलं आहे, आणि तो माणूस खाली उतरून आता दुकानदाराला गाडी बाजूला घ्या म्हणतो आहे.

घरी बायकोला त्याने सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. "वन्संना कशाला?" ती म्हणाली. "वाचतील की त्या." "साक्षीदार वाचत नाही. नुसती सही बघतो आणि सही करतो." "मग बरंय," ती म्हणाली, आणि मेथीचे देठ बाजूला सारले. तिला काही लाज वाटलेली दिसली नाही. त्याला तिचा राग आला, आणि राग आल्यावर थोडं बरं वाटलं, कारण मघापासून जे काही वाटत होतं ते घरातल्या दुसऱ्या माणसावर टाकायला जागा मिळाली. पण ते टिकलं नाही. संध्याकाळी त्याने आक्काला फोन लावला. ती डिंगोऱ्याला, शेतातच होती. मागे दाजींचा, गेणभाऊंचा, पाण्याच्या मोटरीवरून कुणाला तरी चाललेला आरडाओरडा ऐकू येत होता. "आक्का, जरा जुन्नरला यावं लागेल," सोपान म्हणाला. "सही पाहिजे तुझी. मृत्युपत्र करतोय माझं."  मग आक्का म्हणाली, "कवा यिऊ?" एवढंच. कसलं, का, त्यात काय लिहिलंय, माझी कशाला, काही नाही. "आधारकार्ड घिऊन यिते. फोटू लागत्यात का? मागल्या टायमाला फोटू न्हवतं तर तू लई वरडला व्हतास," आणि ती हसली. सोपानला आपण ओरडल्याचं आठवत नव्हतं. फोन ठेवल्यावर मात्र आठवलं, आणि एकदा आठवायला लागल्यावर त्याला कड राहिली नाही.

वडील गेले त्या वर्षी हक्कसोडपत्र झालं होतं, तेही जुन्नरलाच. त्यात वेगळं असं काही नव्हतं. राजुरीत, डिंगोऱ्यात, सगळीकडेच बहिणी येतात, सही करतात, भाऊ त्यांना साडी घेतो, हॉटेलात जेवू घालतो आणि एसटीत बसवून देतो. कुणी तसं केलं नाही तर त्या घराबद्दल लोक बोलतात, बहीण असो की भाऊ. आक्काने फोटो आणले नव्हते, कारण फोटो लागतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम सोपानचं होतं. स्टुडिओ उघडेपर्यंत ते फुटपाथवर उभे राहिले आणि तो घड्याळ बघत राहिला, कारण दुपारी त्याला ओतूरला एका गिऱ्हाइकाकडे जायचं होतं. सही झाल्यावर कापडाच्या दुकानात गादीवर बसताना दुकानदाराने वरच्या फळीकडे हात नेला, तेव्हा सोपानने नुसती मान हलवली होती. अगदी थोडी. दुकानदारांना तेवढं पुरतं. तो हात खालच्या फळीवर आला. आक्काने हे बघितलं होतं का? दाखवलेल्या पहिल्याच साडीला तिने बोट लावलं आणि म्हणाली, "हीच. कशाला उगा त्यांना घड्या मोडाया लावायच्या." इतकी वर्षं ती मान हलवण्याची गोष्ट त्याने कधी काढून बघितली नव्हती. आता टीव्ही बघताना, दात घासताना, पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना त्याची मान त्याला जाणवायला लागली. मानेला स्वतःची काही आठवण असावी, असं.

त्याने साक्षीदार बदलला असता तर प्रश्न मिटला असता. सोसायटीचे सेक्रेटरी होते, बँकेतले एक होते. पण मग आक्काला येऊ नको म्हणून सांगावं लागलं असतं, आणि का, हे सांगावं लागलं असतं. निदान एखादं खोटं कारण तरी, आणि खोटं कारण सांगताना आपला आवाज कसा येईल ते त्याने मनात करून बघितलं. तो आवाज ओट्यावर बशी खाली ठेवतानाचा होता. परिच्छेदच काढला असता तर? तर बाईंनी विचारलं असतं, आदेशने विचारलं असतं, कदाचित बायकोने मेथी बाजूला ठेवली असती. हे सगळं एकीकडे, आणि दुसरीकडे आपल्याला लाज वाटते आहे एवढंच. लाजेची एक सोय असते, असं सोपानला या दिवसांत कळलं: ती माणसाला काही करू देत नाही, आणि तरी आपण काहीतरी करतो आहोत असं वाटत राहतं. एकदा दिवाणखान्यातला जुना फोटो पुसायला म्हणून त्याने खाली काढला. गावच्या जत्रेतला. मागे रंगवलेला तलाव आणि त्यात हंस, पुढे स्टुलावर चारेक वर्षांचा सोपान, नाकाखाली चकाकी, डोळे वर, तोंड उघडं. आईने सांगितलेलं त्याला आठवलं. तो रडत होता आणि मान वर करत नव्हता, फोटोवाला कंटाळला होता, तेव्हा आक्का फोटोवाल्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि माकडासारखी तोंडं करायला लागली. म्हणून तो वर बघतो आहे. फोटोत आक्का नाही. आजवर फोटो बघून कुणी विचारलं तर तो म्हणायचा, मी लहानपणापासून हसरा. त्याने काच पुसली आणि फोटो जागेवर लावला, थोडा वाकडा लागला, मग सरळ केला.

ठरलेल्या दिवशी जुन्नरच्या एसटी स्टँडवर तो आधीच जाऊन उभा राहिला. बसमधून आक्का उतरली ती आधी दोन पिशव्या उतरवून, मग पदर खोचून, मग पाय टाकून. ती जवळ आली आणि काही न बोलता तिने त्याच्या चेहऱ्याकडे, मग डोळ्यांकडे बघितलं. मग त्याचं मनगट धरलं आणि उलटं करून नखं बघितली. "काय सांगितलं डाक्टरनं?" ती म्हणाली. "कसलं?" "ह्ये बग सोपाना, मला फशिवू न्हको. मी सगळ्या वाटंनं देवाचं नाव घेत आली. ह्यांना बी सांगितलं न्हाई." सोपानला कळायला जरा वेळ लागला. मग तो म्हणाला, "अगं, काही झालं नाही मला. धडधाकट आहे." "धडधाकट मानूस मरनाचं कागद करतंय व्हय?" "करतात आक्का. आता सगळे करतात." "डिंगोऱ्यात कुनी केलेलं न्हाई मी आयकलं." तिचा विश्वास बसला नाही. एक पिशवी तिने त्याच्या हातात दिली. "हुलग्याचं पीठ हाय. वैनीला सांग माडगं करून द्यायला. रोज प्यायचं. अंगात ताकद यिती." ती पिशवी जड होती. लोक आजारी माणसासाठी आणतात तसं ते पीठ जुन्या साखरेच्या पिशवीत घालून, वर दोऱ्याने बांधून, पुन्हा दुसऱ्या पिशवीत घातलेलं होतं. त्याने खिशातला डॉक्टरचा दाखला काढून दाखवला, जो बाईंनी नोंदणीसाठी आणायला सांगितला होता: शरीराने व मनाने सुदृढ. आक्काने तो लांब धरून वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाली, "डाक्टर लोक तोंडावर सांगत न्हाईत." सोपानला वाटलं, काहीतरी असतं तर बरं झालं असतं. एखादा बेताचा आजार. त्याने तिचं येणं फुकट गेलं नसतं.

निबंधक कार्यालयाच्या समोरच्या टायपिंगच्या दुकानात वैजयंती वकील येऊन बसल्या होत्या. शेवटची प्रत तिथे काढायची होती. सोपानचा जुना सहकारी रखमाजी दुसरा साक्षीदार म्हणून आला होता आणि बाकावर बसून वडा खात होता. "या आक्का," तो म्हणाला, "तुमच्यासाठीच थांबलोय राव. भाऊ मरायला निघालाय तुमचा, आन् वकीलबाय म्हनत्यात टाइमात मरा." "रखमाजी, तुजं तोंड कवा गोड व्हायचं?" आक्का म्हणाली. ती बाकाच्या टोकावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन. पिशवीतून तिने आधारकार्ड काढलं. प्लास्टिकमध्ये बसवून घेतलेलं होतं. त्यामागून फोटो, एका पाकिटात, चांगले मूठभर. "लागत्याल तितकं घ्या," ती बाईंना म्हणाली. "ह्या टायमाला लई काढून आनल्यात." बाई हसल्या. "मावशी, साक्षीदाराचा फोटो तिथे कॅमेऱ्यावरच काढतात. हे लागत नाहीत." "न्हाई लागत?" आक्काने पाकीट बंद केलं आणि सोपानकडे बघितलं, ओरडेल की काय म्हणून नव्हे, पण त्याला तसंच वाटलं. दुकानाचा पत्रा तापला होता. प्लास्टिकच्या खुर्चीला त्याचा शर्ट चिकटला होता आणि त्याला तो सोडवून घेता येत नव्हता.

"म्या सही कराया न्हाई म्हनत न्हाई," आक्का म्हणाली, "पर जित्या भावाच्या मरनाखाली बहिनीनं नाव लिवायचं, ह्ये कसं दिसतं ओ बाई?" आणि बाई तिला नीट, न कंटाळता सांगायला लागल्या: असं केल्याने काही होत नाही, उलट मागच्यांची भांडणं टळतात, हे जिवंतपणीच करायचं असतं, आणि तुम्ही फक्त हे बघायचं की भावाने आपल्या हाताने, आपल्या मर्जीने सही केली. "आत काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत असायची गरजच नाही," बाई म्हणाल्या. "तरी वाचायचं असेल तर..." "न्हको न्हको," आक्का घाईने म्हणाली, जणू तिच्यावर काही आळ येत होता. "मला काय करायचं वाचून? भाव हाय माजा." रखमाजी म्हणाला, "आक्का, म्या दोनदा केलंय. दोन्ही येळंला वाचलो. करा बिनघोर." तेव्हा ती हसली आणि तिने डोळ्यांना पदर लावला. बाई सोपानला हळूच म्हणाल्या, "मीही माझा हक्क दिलाय सोडून. माझ्या भावाला. वकील असून. नाही दिला तर माहेर तुटतं हो." हे त्यांनी हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं आणि पेनड्राइव्ह टायपिंगवाल्याकडे दिला. सोपान त्यांच्याकडे बघायला लागला, पण त्या स्क्रीनकडे बघत होत्या.

प्रिंट निघणार एवढ्यात आक्का म्हणाली, "येक इचारू का बाई? त्यात येक लिवता यील का?" टायपिंगवाल्याने प्रिंट थांबवली.  सोपानच्या मनाने, त्याच्या त्या कमावलेल्या मनाने, क्षणात हिशेब मांडायला घेतला: काय मागेल, किती, बायकोला काय सांगायचं. आक्का पिशवीच्या बंदाशी चाळा करत म्हणाली, "आमच्यात बाई गेली का आंगावर माह्यारचं लुगडं घालत्यात. भावानं आनायचं आसतं त्ये. आता म्या थोरली. म्हनलं म्या म्होरं जाईन, सोपाना आनील. पर त्यो आसा कागद कराया निगालाय, आन् खरं सांगत न्हाई मला. त्यो आदी गेला तर कोन आननार? पोरं शहरात. आदेशला काय ठावं, आत्याला काय लागतंय त्ये. त्येवडं लिवून ठिवा म्हंजी झालं. माह्यारचं लुगडं आलं न्हाई तर चार बाया बोलत्यात, आन् माज्या माह्यारला बोल लागंल." रखमाजीने वड्याचा कागद चुरगळला आणि तो कुठे टाकावा हे शोधत राहिला. बाई म्हणाल्या, "लिहिता येईल मावशी. काहीही लिहिता येतं. पण मग तुम्हाला या कागदातून काहीतरी मिळाल्यासारखं होतं, आणि ज्याला मिळतं त्याने साक्ष देऊ नये असं आम्ही बघतो." आक्काला ते कळेना. "मला कुटं काय मिळतंय?" ती म्हणाली. "लुगडं तर मेल्याव." आणि मग ओशाळून म्हणाली, "आडचन व्हत आसंल तर ऱ्हाऊ द्या. म्या आपली सही करते."

टायपिंगवाल्याने पान उघडं ठेवलं होतं. स्क्रीनवर शेवटून दुसरा परिच्छेद होता आणि त्याच्या शेवटी ती उभी रेघ उघडझाप करत होती. कसलाही हक्क अगर हितसंबंध राहणार नाही, उघडझाप, उघडझाप. एक वाक्य बोलायचं होतं. हा परिच्छेद काढा. याच्या जागी लिहा की राजुरीच्या जमिनीतला तिचा वाटा तिला मिळावा. ते वाक्य त्याला पूर्ण दिसत होतं, शब्द न् शब्द, ओट्यावर बसून लोकांना सांगितलेल्या हजार वाक्यांपेक्षा सोपं. मरणाबद्दल स्वच्छ बोलणारा माणूस होता तो. त्याने तोंड उघडलं. त्या दिवशी बाईंच्या ऑफिसात उत्तर जसं विचारायच्या आत आलं होतं, तसं आज हेही येईल, आपण मध्ये नाही आलो की झालं, असं त्याला वाटलं. आणि तो म्हणाला, "लुगडं लिहा."

"साक्षीला मग दुसरं कुणी बघू," बाई म्हणाल्या आणि टायपिंगवाल्याला मजकूर सांगायला लागल्या. राहणार नाही, पूर्णविराम. मात्र सदर बहिणीच्या निधनसमयी माझ्या वारसांनी माहेरचे लुगडे न चुकता न्यावे, अशी माझी इच्छा व आज्ञा आहे. टायपिंगवाला दोन बोटांनी, पण न बघता टाइप करत होता. साक्षीला तोच तयार झाला. त्याला सवय होती. प्रिंट मशीनमधून येत असताना बाई सोपानच्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या, "फार छान केलंत सर. काहीच न देण्यापेक्षा एवढंसं दिलेलं केव्हाही चांगलं. विसरून राहिलं असं कुणाला म्हणताच येत नाही. आता तर तो परिच्छेद कुणाच्या बापाला हलणार नाही." सोपान म्हणाला, "हो का." दुसऱ्यांदा त्याच्या हुशारीचं कौतुक होत होतं, आणि या वेळीही ती त्याच्या हातून नकळत घडली होती. काही माणसं नकळत चांगली वागतात असं म्हणतात. त्याच्या बाबतीत काहीतरी उलटी घडी बसली असावी. आक्का मात्र फुलली होती. "बगितलं का रखमाजी," ती म्हणाली, "माज्या भावानं सरकारी कागदावर लिवून दिलं. कुनाच्या भावानं दिलं आसं?" "न्हाई बा," रखमाजी म्हणाला, आणि सोपानकडे न बघता हात धुवायला गेला. "कोणतं आणायचं आक्का?" सोपानने विचारलं. त्याला काहीतरी विचारायला हवं होतं. "रंग वगैरे?" "मेलेल्या बाईला कसला आलाय रंग," ती म्हणाली. "दुकानदार काडील त्ये घ्यायचं. फळी खालची आसली तरी चालंल," आणि तिने पिशवीचं तोंड बांधून घेतलं. ती सहज म्हणाली होती की नाही, हे बघायला त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघायला हवं होतं. ते त्याने केलं नाही.

कार्यालयात गर्दी होती. त्यांचा नंबर आला तेव्हा आक्काही आत आली. साक्ष नसली तरी एवढ्या लांबून आले तर बघते तरी, म्हणाली, आणि तिला कुणी अडवलं नाही. सोपानने बाई सांगतील तिथे तिथे सह्या केल्या. रखमाजीने केल्या, टायपिंगवाल्याने केल्या. अधिकाऱ्यांनी विचारलं, हे तुम्ही स्वतःच्या मर्जीने, कुणाच्या दबावाशिवाय केलंय ना? तो हो म्हणाला, आणि आयुष्यात इतकं खरं उत्तर आपण क्वचितच दिलं असेल असं त्याला वाटून गेलं. मग त्याला कॅमेऱ्यासमोरच्या स्टुलावर बसवलं. अंगठा काचेवर ठेवून झाला. हा फोटो कागदावर छापला जाणार होता, त्या परिच्छेदासकट, आणि तो नसेल तेव्हाही राहणार होता. कॉम्प्युटरवरची मुलगी म्हणाली, "काका, वर बघा." त्याने बघितलं असं त्याला वाटलं. "मान वर घ्या काका. खाली बघताय तुम्ही." तो प्रयत्न करत होता. मानेत ते जुनं, थोडंसं हलणं अडकून बसलं होतं. ती वरच्या फळीकडे जाईना. "असा रिजेक्ट होतो फोटो," मुलगी म्हणाली, "मागे लाइन आहे." मागून कुणीतरी हसलं. मग कॅमेऱ्याच्या मागे हालचाल झाली, आणि ओळखीचा आवाज आला, "ल्हानपनापास्नं आसाच हाय त्यो बाई. थांबा." त्याने मान वर केली. मुलीच्या खुर्चीमागे, पिशवी छातीशी धरून, सत्तरीला आलेली आक्का गाल फुगवून, डोळे तिरळे करून त्याच्याकडे बघत होती.

"झाला," मुलगी म्हणाली. "छान आलाय."